अक्कांनी न पाहिलेला किल्ला

मुलांनो,

मागच्या महिन्यात तुमच्या बाबांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. लातूरच्या एका चौकात लागलेल्या भल्यामोठ्या बोर्डाचा फोटो. बोर्डावर तुमच्या मोठ्या आजी आहेत. डोक्याला गुलाबी फेटा, अंगावर शाल, हातात नारळ आणि मागे समुद्राकाठचा पांढरट किल्ला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'आजींनी अलेक्झांड्रियाचा किल्ला पाहिला, तुम्ही कधी पाहणार?' त्याखाली टूरवाल्याचा फोन नंबर. तुम्ही दोघांनी त्या फोटोला लाल बदाम पाठवले. धाकटीने लिहिलं, 'मोठी आजी एकदम भारी.'

मोठी आजी भारी आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तिने तो किल्ला पाहिलेला नाही. त्याच्या दारापर्यंत जाऊन ती परत आली, आणि ती आत का गेली नाही हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी फोनवर सांगायला गेले तर तुमचे बाबा मध्येच म्हणाले, "आई, त्यात एवढं काय, फोटो छान आलाय की." म्हणून लिहायला बसले आहे. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू द्या.

क्रमाने सांगते.

मोठ्या आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना लग्न झाल्यापासून अक्का म्हणते, म्हणून इथेही तेच लिहीन. त्या चौथी शिकलेल्या. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली आणि अहमदपूरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. अशा दोन जावांचं पटत नाही अशी लोकांची खात्री असते. आमचं पटलं. त्या मला चारचौघांत टोमणा म्हणून 'मास्तरीणबाई' म्हणायच्या आणि माझी शाळेची वेळ झाली की माझा डबा भरून दारात ठेवायच्या.

अक्कांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला त्या पहाटे त्यांच्या माहेरचं दगडी घर खाली बसलं. त्यात त्यांचे वडील गेले आणि भावजय गेली. नंतर गाव दुसरीकडे वसवलं. जुन्या गावातले दगड लोकांनी हळूहळू नेले, कुणी बांधाला, कुणी गोठ्याला, कुणी ट्रॅक्टरने कुठे नेले ते कुणालाच माहीत नाही. अक्का पुढे दोनदा तिकडे गेल्या. घराच्या जागी बाभळी होत्या. 'आमच्या घराची दगडं कुठं गेली,' असं त्या भेटेल त्याला विचारत राहिल्या आणि प्रत्येकाने वेगळं गाव सांगितलं.

त्यानंतर अक्का दगडी भिंतीच्या खोलीत झोपल्या नाहीत. आमचं अहमदपूरचं घर दगडाचं होतं. त्या अंगणात पत्र्याखाली बाज टाकायच्या, थंडीतसुद्धा. घरातल्यांनी आधी समजूत घातली, मग चेष्टा केली, मग सोडून दिलं.

त्या काळात एका संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने करत होते. जुन्या जगातल्या आश्चर्यांचा धडा होता. अलेक्झांड्रिया हे इजिप्तचं समुद्रकाठचं फार जुनं शहर. तिथे बंदराच्या तोंडाशी एक प्रचंड दीपस्तंभ होता. अक्का भाकरी थापत होत्या.

"मास्तरीणबाई, पडला कसा म्हंता त्यो?"

"भूकंपात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा हादरून."

त्यांचा हात थांबला. "मंग दगडं?"

"एका सुलतानाने त्याच जागी किल्ला बांधला. पडलेले दगड त्यात वापरले म्हणतात. किल्ला अजून उभा आहे."

"आन् त्यात माणसं शिरतात?"

"तिकीट काढून शिरतात."

"भेव न्हाई वाटत त्यांला?"

"मी कुठे गेले आहे त्यांना विचारायला."

तव्यावरची भाकरी करपली. अक्कांच्या हातून भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

पुढे तो किल्ला आमच्या घरातलाच झाला. पाहुणा जमिनीच्या भावाचं बोलायला लागला की अक्का मला म्हणायच्या, "त्यो किल्ला कसा हाय ते सांगा की जरा." मी पुस्तकातलं सांगायची. पुस्तकात फार नव्हतं.

तुमचे आजोबा आणि मोठे आजोबा गेल्यावर आम्ही दोघी लातूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. गेल्या वर्षी अक्का दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. पायाशी ठेवलेला तांब्या त्यांना दिसेना. मी त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी समोर बसून नीट सांगितलं, की आजी, तुम्हाला नळीतून बघितल्यासारखं दिसतंय. ही नळी अरुंद होत जाणार. थेंब घातले तर सावकाश होईल. गेलेली नजर परत यायची नाही.

परतताना आम्ही एसटीत बसलो. अहमदपूर आलं. स्टँडवर गाडी थांबली, भेळवाला चढला, उतरला. मग त्या म्हणाल्या, "त्यो किल्ला हाय का अजून?"

"आहे."

"दिसतंय तवर आत जाऊन यावं म्हंते. एकडाव."

या बाईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मी हो म्हणाले.

मोठ्या कंपन्यांच्या इजिप्तच्या सहलीत अलेक्झांड्रियाला बगल देतात. नांदेडच्या एका टूरवाल्याच्या कार्यक्रमात तो एक दिवस होता. मी त्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं, किल्ला आतून दाखवणार ना? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्या बहिणीला शिकवलंय. तुम्हाला फसवीन का?" मी त्याला अक्कांच्या डोळ्यांचं सांगितलं. तो हळहळला. जाताना जिन्यापर्यंत पोचवायला आला. हे लक्षात ठेवा, त्याला माहीत होतं.

आमच्या गटात बहुतेक सगळे लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते आणि त्यांच्या बायका, काही नांदेडचे निवृत्त लोक, दोन जोडपी हदगावची. गटाचे मोठे म्हणजे अप्पा. मोंढ्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. सहलीतल्या निम्म्या जागा त्यांच्या ओळखीने भरल्या होत्या, आणि टूरवाला त्यांच्यासमोर बसताना खुर्चीच्या कडेवर बसायचा.

कैरो आणि पिरॅमिड यांबद्दल मी लिहीत नाही, ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. अक्कांनी पिरॅमिडकडे मान तिरकी करून, नळीत बसेल तेवढा तुकडा तुकडा असा बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "लई मोठं हाय. पण हे पडलेलंच न्हाई." आणि जाऊन बसमध्ये बसल्या.

अलेक्झांड्रियाच्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी उठल्या. अंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग डोळ्यांत थेंब. माझ्यामुळं कुणाचा खोळंबा नको, असं त्या रोजच म्हणायच्या. बसमध्ये पहिल्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. बस अप्पांसाठी थांबली. अप्पा आले तेव्हा त्यांच्या मिसेस यायच्या होत्या. त्या आल्यावर अप्पांचा चष्मा वर राहिला होता.

वाटेत कागदाच्या चित्रांच्या दुकानात थांबलो. ते कार्यक्रमात नव्हतं. कार्यक्रमात होती ती जमिनीखालची जुनी थडगी. ती टूरवाल्याने माईकवरून गाळली. "तिथं काय बघायचं, मेलेल्या माणसांना." बसमध्ये हसले लोक. अक्का मला म्हणाल्या, "आपल्यातबी पुरतेतच की." आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, तुमच्या आजोबांनाही तसंच पुरलं, आणि त्या बसमध्ये हसणाऱ्यांपैकी निम्मे आमच्यातलेच होते. जुना उंच खांब बसच्या खिडकीतून पाहिला. नवं ग्रंथालय बसच्या खिडकीतून पाहिलं. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी जगातलं सगळ्यात मोठं ग्रंथालय होतं, असं आमची गाइड सांगत होती आणि मागच्या सीटवर सोयाबीनचा भाव चालू होता.

गाइड तिकडचीच, डोक्याला रुमाल बांधलेली, कॉलेजात इतिहास शिकलेली मुलगी. ती इंग्रजीत बोलायची आणि मी अक्कांना मराठीत सांगायची. बाकीच्यांना टूरवाला सांगायचा, आणि ती पाच वाक्यं बोलली की तो एक सांगायचा. "हे पण जुनं आहे."

दुपारी समुद्राकाठच्या लांब रस्त्यावर जेवण. आमचे आचारी बरोबर होते. कट्ट्यावर कागदी ताटांत पिठलं, भाकरी, ठेचा. जाणारे-येणारे थांबून बघत होते, एका म्हाताऱ्याने ठेचा चाखला आणि डोळ्यांत पाणी आणून पुन्हा मागितला. मला त्या जेवणाचा राग नाही. भूक लागतेच, आणि अक्कांनी पहिल्यांदा समुद्र बघितला तो भाकरीचा तुकडा हातात घेऊन. "हाव, ह्याला कड न्हाई," म्हणाल्या. त्यांच्या नळीत दोन्ही बाजूंनी पाणीच असणार.

तिथून किल्ला दिसत होता. बंदराच्या टोकाला, चौकोनी, उन्हात पांढरा. गाइडने सांगितलं की दाराजवळ तांबूस ग्रॅनाइटचे मोठाले दगड बसवलेले आहेत आणि ते त्या दीपस्तंभाचे असावेत असं मानतात. अक्कांना सांगितलं. त्यांनी ताट कट्ट्यावर ठेवलं. "चला मंग."

किल्ल्यासमोरच्या मोकळ्या जागेत बस थांबली तेव्हा लोक आत जात होते. पण टूरवाल्याने आम्हाला दाराकडे नेलंच नाही. बसच्या पोटातून त्याने एक गुंडाळलेला फ्लेक्स काढला. दोन आचाऱ्यांनी तो किल्ल्याकडे पाठ करून ताणून धरला. त्यावर अप्पांचा हात जोडलेला फोटो आणि 'परदेश दौऱ्यानिमित्त भव्य सत्कार.' मागोमाग शाली निघाल्या, फेट्यांची कापडं निघाली आणि एका पोत्यातून नारळ निघाले. लातूरहून आणलेले नारळ. विमानाने.

तुम्ही तिकडे वाढलात म्हणून सांगते. आपल्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे त्याला शाल, श्रीफळ द्यायचं, फेटा बांधायचा आणि चार शब्द बोलायचे. मुळात चांगली रीत आहे. मी निवृत्त झाले तेव्हा माझाही झाला आणि मला बरं वाटलं. पण आता ही रीत कुठेही उगवते. कंधारच्या किल्ल्यावर मी शाळेच्या मुली नेत असे, तेव्हा माझा नियम होता, आधी पाहायचं, मग खायचं, मग फोटो. एकदा तिथे तटावर एका पुढाऱ्याचा सत्कार चालला होता आणि माझ्या मुलींना दोन तास खाली उन्हात बसावं लागलं होतं. मला वाटलं होतं निदान समुद्र ओलांडल्यावर ते सुटेल. नाही सुटलं.

फेटे बांधणारा एकच. अप्पांना फेटा, अप्पांच्या मिसेसना फेटा, मग मोंढ्यातल्या एकेकाला. कोणाचा सत्कार कोणाच्या हस्ते, हे टूरवाला खिशातून कागद काढून वाचत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"दार बंद व्हायच्या आत आम्हा दोघींना आत जाऊ द्या. परत येऊन तुम्ही म्हणाल तिथे उभ्या राहू."

"मॅडम, असं कसं? अक्कांचाच सत्कार आहे. ज्येष्ठ महिला म्हणून. अप्पांच्या हस्ते."

"मग त्यांचा आधी करा."

"ज्येष्ठ महिला शेवटी. टाळ्या पडतात. पाच मिनिटं हो मॅडम, किल्ला कुठं पळून चाललाय?"

पाच मिनिटांत हदगावचे एक कापसाचे व्यापारी रुसले. त्यांचं नाव कागदावर नव्हतं. त्यांनी नुकताच बांधलेला फेटा डोक्यावरून काढून आचाऱ्याच्या हातात दिला आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या मिसेस त्यांच्यामागे. टूरवाला धावला. अप्पा धावले. "अहो, तुमचंच नाव पहिलं होतं, वाचायचं राहिलं." "मला काही नको. मी किल्ला बघायला आलो होतो." हे ऐकून मला क्षणभर वाटलं, हा एक माणूस आपल्या बाजूचा. पण 'तुमच्या हस्ते अप्पांचा सत्कार पुन्हा घेऊ' असं म्हटल्यावर ते किल्ल्याकडे न बघता परत आले. अप्पांचा सत्कार पुन्हा झाला. तीच शाल, तोच नारळ. अप्पा पुन्हा बोलले. पहिल्या वेळी मोंढ्याबद्दल बोलले होते, दुसऱ्या वेळी मोंढा आणि हदगाव यांच्या जुन्या संबंधांबद्दल बोलले.

सगळं इतका वेळ चाललं की किल्ल्यातून बाहेर येणारे लोक आम्हाला बघायला थांबत होते. आम्ही किल्ला बघायला आलो होतो आणि किल्ल्याचे लोक आम्हाला बघत होते.

गाइड माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, तिकीटखिडकी बंद होईल आता. मी तिच्याबरोबर खिडकीकडे गेले. तिने दोन तिकिटं काढली आणि माझ्या हातात दिली. मी वळून पाहिलं तर अक्कांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं होतं आणि फेटेवाला त्यांच्या डोक्याभोवती फिरत होता. कापडाचं एक टोक त्याच्या दातांत, दुसरं त्यांच्या कपाळावर. त्यांना उठता येत नव्हतं. विभूती पुसली गेली होती.

मी जवळ जाऊन म्हणाले, "अक्का, उठा. तिकिटं आणली आहेत."

फेटेवाला म्हणाला, "आजी, हलू नका, सैल पडंल."

अक्का म्हणाल्या, "बाई, डोकं त्याच्या हातात हाय. सोडतोय का बघा."

मी फेटेवाल्याला सोड म्हटलं. तेवढ्यात टूरवाल्याने माईकवर त्यांचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा शाल घेऊन आले. अप्पा वाईट माणूस नाहीत. ते अक्कांच्या पाया पडले. फोटो काढला. वाऱ्याने फ्लेक्स दुमडला म्हणून पुन्हा काढला. मग कुणीतरी म्हणालं की फ्लेक्स अक्कांच्या मागून काढा, किल्ला दिसू द्या, म्हणून तिसऱ्यांदा काढला. चौकातल्या बोर्डावर लागला तो हाच तिसरा फोटो. त्यात अक्का हसताहेत असं तुम्हाला वाटतं. त्या ऊन चुकवायला डोळे बारीक करताहेत.

त्यांच्या हाताला धरून मी दाराकडे निघाले. आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, त्याचा आवाज मागून येत होता. अक्कांना खालची फरशी दिसत नाही, म्हणून त्या पाय चाचपत टाकतात. त्यांना ओढता येत नाही. दाराशी पोचलो तर रखवालदार दार लोटत होता. गाइड त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलली. आधी सरळ, मग विनवून, अक्कांच्या डोळ्यांकडे बोट दाखवून. त्याने तिकिटं पाहिली, अक्कांकडे पाहिलं, त्यांच्या फेट्याकडे पाहिलं, आणि आत शेवटच्या लोकांना बाहेर काढणाऱ्या आपल्या साहेबाकडे पाहिलं. मग मान हलवली. उद्या या म्हणाला.

मी टूरवाल्याकडे गेले. उद्या इथेच राहू, निदान आम्ही दोघी राहतो, म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, उद्या अत्तराच्या फॅक्टरीचं बुकिंग आहे. बस एकच आहे. थोडं ॲडजस्ट करा. बाहेरून दिसलाच ना?"

"त्यांना आत जायचं होतं. तुम्हाला माहीत होतं."

"आत काही नाही मॅडम. मी दोनदा आलोय. नुसत्या खोल्या आहेत."

मी शाळेत इतकी वर्षं काढली, कधी कुणावर हात उगारला नाही. त्या दिवशी हात पदरात धरून ठेवावा लागला.

गाइडने आम्हाला तटाच्या बाहेरच्या बाजूने नेलं, समुद्राकडे. ऊन उतरत होतं आणि उजेड कमी झाला की अक्कांना दिसणं जवळजवळ थांबतं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. फेटा डोक्यावर, शाल खांद्यावरून घसरलेली, नारळ मी धरलेला.

"ह्यो त्याचाच दगड का?"

मी गाइडला विचारलं. ती म्हणाली, खरं सांगायचं तर माहीत नाही. आतल्या दाराजवळचे म्हणतात, बाहेरचं कुणी सांगू शकत नाही. मी जसंच्या तसं अक्कांना सांगितलं.

"बरं," म्हणाल्या. हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आतून धरलं असंल का एकमेकाला, का नुसतंच वर ठिवलंय, ते आत गेल्यावर कळलं असतं."

मी त्यांची घसरलेली शाल खांद्यावर ओढून दिली.

बसमध्ये त्यांनी फेटा उतरवला आणि घडी घालून माझ्याकडे दिला. मागे गाण्याच्या भेंड्या चालू होत्या. हदगावचे व्यापारी अप्पांच्या शेजारी बसले होते.

घरी आल्यावर मी ज्याच्याशी त्यावर बोलले त्याने फोटोचं कौतुक केलं. उन्हाळा गेला तशी त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली. आणि आता हा बोर्ड.

बोर्ड लागल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेले. टूरवाला उठून उभा राहिला, पाणी मागवलं. मी पाणी बाजूला ठेवलं.

"त्यांनी किल्ला पाहिलेला नाही. बोर्डावर खोटं लिहिलंय."

"मॅडम, मागे किल्ला दिसतोय की."

"किल्ल्याकडे त्यांची पाठ आहे."

त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "तुमचं मन दुखावलं. आपण असं करू. गावात एक छोटासा कार्यक्रम घेऊ, अक्कांचा सत्कार करू, मी स्टेजवर सगळ्यांसमोर माफी मागतो."

मी म्हणाले, "बोर्ड उतरवा. अक्कांना पुन्हा फेटा बांधायचा नाही. कुठेच नाही."

घरी येऊन अक्कांना सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या, हाताला कळतं म्हणून. "कशाला गेलता एवढ्या लांब? मला कुठं दिसतंय त्यो बोर्ड." मग दोन-चार शेंगा सोलून म्हणाल्या, "पण बघितलं म्हणून ल्हिवलंय, ते न्हाई बरं केलं."

त्याने बोर्ड उतरवला नाही. फक्त त्यावरचा चेहरा बदलला. आता तिथे कुणा दुसऱ्याच आजी आहेत, फेटा तोच. त्या आत गेल्या होत्या की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्या घरच्यांना विचारणार आहे.

तुमच्या बाबांना मी आता समजावणार नाही. तुम्हाला एक काम सांगते. तुम्ही युरोपात आहात, आमच्यापेक्षा त्या गावाच्या कितीतरी जवळ. या सुट्टीत जा. दिवस चांगला वर आलेला असताना जा, दार उघडल्याबरोबर. फोन खिशात ठेवा. दाराजवळचे तांबूस दगड बघा, त्यांवर हात फिरवा, वरच्या खोल्यांत जा, समुद्राकडच्या खिडक्यांत उभे राहा. अक्कांचा प्रश्न आहे, दगडांनी एकमेकाला धरलंय की नुसतेच एकावर एक ठेवलेत. त्याचं उत्तर घेऊन या. माझा शाळेतला नियम पाळा, आधी पाहायचं. मग अक्कांना फोन करा आणि सावकाश मराठीत सांगा. मध्ये कुणालाही बोलू देऊ नका. पुस्तकातलं सांगू नका, ते मी सांगून झालंय.

किल्ला जागेवर आहे. आमची दोन तिकिटं माझ्या कपाटात आहेत, न फाडलेली. अक्कांचे कान चांगले आहेत आणि डाव्या डोळ्याला खिडकीतला उजेड अजून कळतो.